डोरोथीच्या रकान्यात काय लिहायचं?

कुंभ्याचं झाड तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. मेळघाटात आहे, सह्याद्रीतही आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची पानं लाल होऊन गळतात आणि फांद्यांच्या टोकांना पांढऱ्या-गुलाबी केसरांची मोठाली फुलं येतात. फूल रात्री उमलतं, सकाळी झाडाखाली केसरांचा सडा पडलेला असतो. सालीच्या तंतूंची पूर्वी तोड्याच्या बंदुकीसाठी वात करायचे, कारण ती हळूहळू धुमसत राहते. या झाडाचं शास्त्रीय नाव आहे केरिया आर्बोरिया. ‘आर्बोरिया’ म्हणजे झाडासारखी वाढणारी, आणि ‘केरिया’ हे विल्यम केरी नावाच्या माणसाच्या आडनावावरून आलेलं आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी हे नाव आपल्या मित्रासाठी ठेवलं.

हा मित्र पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. तो बाप्टिस्ट मिशनरी होता. त्याआधी चांभारकाम करायचा. आणि मराठीचं पहिलं छापील इंग्रजी व्याकरण त्याच्याच नावावर आहे.

माझी पीएच.डी. विदर्भातल्या पानझडी जंगलातल्या झाडांच्या जुन्या नोंदींवर आहे, त्यामुळे केरीचं नाव कामात सारखं समोर येतं. आजचा लेख मात्र झाडावर कमी आणि केरीच्या घरावर जास्त आहे. घरात दोघं होते, विल्यम आणि डोरोथी. (मराठीत लिहिताना नवऱ्याला ‘ते’ आणि बायकोला ‘ती’ अशी सवय लागलेली असते. मी इथे दोघांनाही एकेरीच ठेवतोय.)

आमच्या किन्हीराजाकडची जुनी माणसं ‘मिशन’ म्हणाली की त्यांच्या डोळ्यांसमोर वाशिमचा मिशनचा दवाखाना येतो, म्हणजे रेनॉल्ड्स मेमोरिअल हॉस्पिटल. तो नाझरीन पंथाच्या मंडळींनी १९३० च्या दशकात सुरू केलेला. बाप्टिस्ट वेगळे. लहान बाळाचा बाप्तिस्मा त्यांना मान्य नाही. माणसाने जाणतेपणी, स्वतःच्या विश्वासाने, पाण्यात पूर्ण बुडून तो घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. इंग्लंडमध्ये २ ऑक्टोबर १७९२ ला केटरिंग या गावात त्यांच्या काही पाळकांनी परदेशी धर्मप्रचारासाठी संस्था काढली. पहिल्या बैठकीत वर्गणीची कबुली मिळाली १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. एवढ्या भांडवलावर पहिलं कुटुंब निघालं ते केरींचं.

आता त्यांच्या एका दिवसाकडे बघू. जून १८०६ मध्ये केरीने एका पत्रात स्वतःचा अख्खा दिवस लिहून ठेवलाय, आणि मिशनरी माणसाचं रोजचं काम म्हणजे काय याची इतकी बारीक नोंद क्वचितच सापडते. त्या वेळी तो फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायचा. आठवड्यातले मधले दिवस कलकत्त्यात आणि उरलेले श्रीरामपूरच्या घरी, अशी हुगळीतून नावेने ये-जा चालू होती.

पावणेसहाला उठणं. हिब्रू बायबलचा एक अध्याय, मग सातपर्यंत एकट्याने प्रार्थना. त्यानंतर नोकरचाकरांसह बंगालीतून प्रार्थना. चहा ओतला जात असतानाच वाट बघत बसलेल्या मुन्शीबरोबर थोडं फारसी वाचायचं, आणि न्याहारीच्या आधी हिंदुस्थानी. न्याहारी होताच संस्कृत पंडिताबरोबर रामायणाचं इंग्रजी भाषांतर, दहापर्यंत. दहा ते एक-दोनपर्यंत कॉलेज. परत आल्यावर यिर्मयाच्या बंगाली भाषांतराचं मुद्रित तपासायचं. जेवण. जेवणानंतर कॉलेजच्या मुख्य पंडिताबरोबर मत्तयचं संस्कृत भाषांतर, सहापर्यंत. सहानंतर तेलुगू पंडिताकडे शिकणं. साडेसातला प्रवचन, नऊला लोक पांगले की यहेज्केलचं बंगाली भाषांतर, अकराच्या सुमारास पत्र लिहायला बसणं, आणि झोपण्याआधी ग्रीक बायबलचा एक अध्याय.

दमलात? मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या दिवसाचा हिशेब लावायचं धाडस झालं नाही.

पण हे वेळापत्रक जरा तपासनीसाच्या नजरेने वाचा. ‘चहा ओतला जात असताना’. कोण ओततंय? जेवणाची वेळ झाली म्हणजे कुणीतरी जेवण केलं. कपडे कोण धुतंय, मुलं कुठे आहेत? सगळं कर्मणी प्रयोगात. बायकोचा उल्लेख दिवसभरात नाही. ती तेव्हा जिवंत होती. तिकडे श्रीरामपुरात, बहुतेक वेळ एका खोलीत बंद.

इथपर्यंत ती कशी आली?

डोरोथी प्लॅकेटचं विल्यमशी लग्न झालं १० जून १७८१ ला. तो वीस वर्षांचाही नव्हता, ती त्याच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. लग्नाच्या वहीत तिने सहीच्या जागी फुली मारली, कारण लिहिता येत नव्हतं. नवरा जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकत होता आणि भिंतीवर जगाचा नकाशा लावून बसायचा. भारतात जायचं ठरलं तेव्हा ती पोटुशी होती आणि दोन मुली आधीच गमावलेल्या होत्या. तिने ‘नाही’ म्हटलं. जन्मगावापासून फार लांब कधी न गेलेल्या बाईने ज्या देशात कुणी ओळखीचं नाही तिथे सहा महिन्यांच्या प्रवासाला नकार द्यावा यात मला तरी काही विचित्र दिसत नाही. जुन्या चरित्रकारांना मात्र दिसलं. त्यांनी तिला ‘नवऱ्याच्या महान कार्यातला अडथळा’ करून ठेवलं.

विल्यम थोरल्या फेलिक्सला घेऊन निघालासुद्धा. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नव्हता म्हणून त्याला आणि त्याचा साथीदार डॉक्टर जॉन थॉमस याला जहाजावरून उतरवलं. त्या खोळंब्यात बाळंतपण पार पडलं. दोघं पुन्हा घरी आले, थॉमसने गळ घातली, आणि बहीण किटी बरोबर येणार असेल तर येते, असं डोरोथी म्हणाली. चोवीस तासांच्या आत संसार आवरून ती निघाली. १३ जून १७९३ ला एका डॅनिश जहाजात बसले, काही आठवड्यांचं तान्हं बाळ आणि तीन मुलं घेऊन. पाच महिने समुद्रावर. नोव्हेंबरात कलकत्ता.

कलकत्त्यात थॉमसने बरोबर आणलेले पैसे संपवले. मग सुंदरबनाच्या कडेला देभाट्याला जंगल साफ करून राहायचा बेत झाला. डोरोथी आणि फेलिक्स दोघांनाही रक्ती आव होता. त्या गावी किटीला कंपनीच्या मिठाच्या खात्यातला चार्ल्स शॉर्ट भेटला आणि पुढे त्यांचं लग्न झालं. म्हणजे ज्या एका अटीवर डोरोथी आली होती ती अटच गळून पडली. १७९४ च्या उन्हाळ्यात विल्यमला मालद्याकडे मदनावतीच्या निळीच्या कारखान्यावर नोकरी मिळाली, पगार महिना दोनशे रुपये. कुटुंब नदीने वर गेलं, किटी मागे राहिली.

तिथे ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर आवेने गेला. मयताला हात लावायला, खड्डा खणायला कुणी तयार होईना, जातीतून जाण्याची भीती. शेवटी काही मुसलमानांनी कबर खणली. विल्यमही तेव्हा तापाने अंथरुणावर होता. १७९५ पासून त्याच्या पत्रांत डोरोथीच्या आजाराचा उल्लेख येतो. नवरा व्यभिचारी आहे अशी तिची खात्री झाली होती. ती रस्त्यात त्याच्या मागे जायची, शिव्या द्यायची, एकदा सुरी घेऊन अंगावर गेली. तिला नेमकं काय झालं होतं, याची आजच्या मानसशास्त्रातली नावं काहींनी सुचवली आहेत. दोनशे वर्षांनंतर, नवऱ्याच्या आणि सहकाऱ्यांच्या पत्रांवरून निदान करणं मला पटत नाही. मी वनस्पतींच्या नमुन्यावरही पान, फूल, फळ बघितल्याशिवाय नाव लिहीत नाही.

१० जानेवारी १८०० ला केरी कुटुंब श्रीरामपूरला आलं. हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून कंपनीची मनाई तिथे चालत नव्हती. आधीच जोशुआ आणि हॅना मार्शमन हे जोडपं आणि छपाई जाणणारा विल्यम वॉर्ड तिथे उतरले होते. सगळ्यांनी एकत्र राहायचं ठरवलं, चूल एक, तिजोरी एक. घरचा कारभार महिन्या-महिन्याने पाळीपाळीने एकेकाने बघायचा. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी बसून आठवड्यातले रुसवेफुगवे मिटवायचे, हा नियमच होता. (हॉस्टेलच्या मेसमध्ये लागू करण्यासारखा.) कुणी काहीही कमावलं तरी ते सामायिक खात्यात, आणि प्रत्येक कुटुंबाला खर्चापुरतं.

हे खातं भरायचं कोण? एक म्हणजे हॅना मार्शमन. तिने आणि जोशुआने १८०० मध्येच निवासी शाळा काढली, आणि मिशनचा बराचसा खर्च सुरुवातीला शाळेच्या फीवर चालला. पंगतीला वाढणं, मुलांची दुखणी काढणं, स्वतःची बाळंतपणं आणि वर शाळा. केरींची मुलं तेव्हा अगदी मोकाट झाली होती, कारण आई आजारी आणि बाप कामात. त्यांना वळण लावलं ते हॅनाने आणि वॉर्डने.

दुसरी कमाई केरीच्या पगाराची, आणि इथे आपली मराठी येते. १८०१ मध्ये त्याला फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकवायचं काम मिळालं, महिना पाचशे रुपये. पुढे त्यात संस्कृत आणि मराठीची भर पडली. चरित्रांतल्या नोंदीप्रमाणे त्यातले चाळीसेक रुपये कुटुंबाला आणि वीस रुपये कॉलेजात जाण्याजोग्या कपड्यांना. बाकी सगळे मिशनला. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना कलकत्त्यात बसून मराठी कशाला लागत होती? तारखा बघा. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई, ते आज अकोला जिल्ह्यात आहे. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह, आणि नागपूरकर भोसल्यांच्या हातून कटक आणि वऱ्हाड गेलं. १८०५ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून केरीचं मराठी व्याकरण बाहेर पडतं. भोसल्यांच्या मुलखाशी नवा कारभार सुरू झाला की भाषा येणारी माणसं लागणारच. म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या लढाया आणि हुगळीकाठच्या त्या एका चुलीवरचा भात यांच्यात फार अंतर नाही, असं मला वाटतं.

मराठीत केरीचा हात धरणारे होते पंडित वैजनाथ, मूळचे नागपूरकर. केरी महाराष्ट्रात कधी आलाच नाही. त्याची मराठी ही वैजनाथांच्या तोंडची मराठी. १८०५ चं व्याकरण देवनागरीत, आणि १८१० चा कोश मोडी टायपात. टाइप पाडायची विद्या पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांची. व्याकरणावर नाव मात्र केरीचं.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी हे सगळं का खणत बसलोय ते कळेल.

जुन्या नमुन्यांवरून ‘ही जात कुठे होती’ याचा नकाशा काढायचा असेल तर प्रत्येक नमुन्याचा एक ठिपका टाकतात. नकाशा तयार झाला की पहिल्या नजरेला वाटतं, जिथे ठिपके दाट तिथे झाड जास्त, जिथे कोरं तिथे झाड नाही. हे वाचन बहुतेकदा चुकीचं असतं. ठिपके दिसतात ते रस्त्यांच्या कडेने, डाकबंगल्यांभोवती, चिखलदऱ्यासारख्या थंड हवेच्या ठिकाणी, कारण नमुने गोळा करणारा माणूस तिथेच जायचा. नकाशा झाडाचा कमी आणि माणसाच्या फिरण्याचा जास्त असतो. म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. ‘शोधलं, पण सापडलं नाही’ याला शून्य लिहायचं. ‘शोधलंच नाही’ याला काहीच लिहायचं नाही, चौकट रिकामी ठेवायची. संगणकावर तक्ता भरताना कुणी आळसाने रिकाम्या चौकटींत शून्य टाकलं तर पुढचं सगळं गणित खोटं ठरतं, आणि ते खोटं आहे हे कळतही नाही, कारण आकडे व्यवस्थित दिसत असतात.

हे खोटं ओळखायचा एक मार्ग म्हणजे त्याच प्रदेशात फिरलेल्या दुसऱ्या कुणाच्या नोंदी मिळवणं. एकाने फक्त मोठी झाडं टिपली असतील, दुसऱ्याने गवतं. दोन्ही एकमेकांवर ठेवले की पहिल्याच्या कोऱ्या जागा कुठल्या कारणाने कोऱ्या होत्या ते दिसायला लागतं.

डोरोथीच्या बाबतीत दोनशे वर्षं शून्य लिहिलं गेलंय. केरीच्या पत्रांत ती नाही, म्हणजे तिने काही केलं नाही. पण पत्रं लिहिणारा कोण, आणि कुणाला लिहितोय? इंग्लंडात वर्गणी देणाऱ्यांना, सोसायटीच्या चिटणिसाला. त्यात भाषांतराचे अध्याय मोजले जाणार, भात किती शिजला ते नाही. आता दुसऱ्यांच्या नोंदी वर ठेवून बघू.

१७९३ ते १७९५ या काळात केरी बंगाली शिकत होता, नोकरी शोधत होता, गावोगाव फिरत होता. त्या काळात चार मुलं, त्यातलं एक तान्हं, स्वतः आवेने आजारी, पाणथळ जागेतली झोपडी आणि भाषा येत नाही, या अवस्थेत घर चालू होतं. कुणीतरी चालवत होतं. जानेवारी १७९६ मध्ये, आजारपण सुरू झाल्यावर, तिला जोनाथन झाला. हेही जन्माच्या नोंदीवरून कळतं. तिसरी नोंद मार्शमनच्या मुलाची आहे. तो लिहितो की केरी भाषांतर करत असताना शेजारच्या खोलीत त्याची बायको अनेकदा भयंकर अस्वस्थ अवस्थेत असायची. हे वाक्य केरीच्या चिकाटीचं कौतुक म्हणून वर्षानुवर्षं उद्धृत होत आलंय. मी ते खोलीच्या दुसऱ्या बाजूने वाचतो. भिंतीपलीकडे एक बाई आहे आणि तिला पलीकडून सहा भाषा ऐकू येतायत, ज्यातली एकही तिच्याशी बोलायला वापरलेली नाही.

२८ डिसेंबर १८०० चा दिवस तर अंगावर काटा आणणारा आहे. कृष्ण पाल हा सुतार मिशनचा पहिला हिंदू अनुयायी झाला आणि त्या दिवशी केरीने त्याला आणि स्वतःच्या मुलाला, फेलिक्सला, हुगळीत बाप्तिस्मा दिला. सात वर्षांच्या खटपटीनंतरचा पहिला. आणि त्याच वेळी आनंदाच्या भरात भान हरपलेला डॉक्टर थॉमस एका बाजूला कोंडलेला होता आणि दुसऱ्या बाजूला डोरोथी. फेलिक्सच्या आईला घाटावर नेलं नव्हतं.

विल्यमला खलनायक करायचा माझा विचार नाही. तिला कलकत्त्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवा, असा सल्ला लोक देत होते आणि त्याने तो मानला नाही, असं चरित्रकार सांगतात. त्या काळची तसली इस्पितळं लक्षात घेतली तर ते दयेचंच होतं. पण तिला इंग्लंडला परत पाठवणं, किंवा स्वतः परत जाणं, हा विचार त्याने गंभीरपणे केलेला दिसत नाही. काम सोडणं हा पर्यायच त्याच्या यादीत नव्हता. संशोधन करणाऱ्यांच्या घरातल्या माणसांना हे ओळखीचं वाटेल.

त्याला विरंगुळा एकच, बाग. श्रीरामपुरात सुमारे पाच एकरांवर त्याने लिनियसच्या वर्गीकरणाप्रमाणे झाडं लावली होती. इंग्लंडहून बियांची पाकिटं मागवायचा. एकदा बिया काढून घेतल्यावर पिशवीत उरलेली माती त्याने सावलीच्या जागी झटकली, आणि काही दिवसांनी तिथे इंग्लंडच्या कुरणात उगवणारं डेझीचं रोप वर आलं. त्याचा आनंद त्याने पत्रात भरभरून लिहिलाय. लहानपणच्या गावची एक ओळखीची गोष्ट परक्या मातीत दिसली होती. मला ते पत्र आवडतं, आणि वाचताना हेही वाटतं की हे फूल ओळखणारं त्या घरात अजून एक माणूस होतं, कदाचित.

८ डिसेंबर १८०७ ला डोरोथी तापाने गेली. पुढच्या वर्षी मे महिन्यात केरीने शार्लोट रूमोर या डॅनिश बाईशी लग्न केलं. ती शिकलेली होती, भाषांतरं तपासून द्यायची, आणि पुढची तेरा वर्षं दोघांची खरोखर सुखाची गेली. ११ मार्च १८१२ ला छापखान्याला आग लागून हस्तलिखितं आणि टाइप जळाले, पण टाइपाचे पोलादी ठसे वाचले आणि वितळलेल्या धातूतून पुन्हा टाइप ओतले गेले. रॉक्सबर्ग इंग्लंडला गेल्यावर त्यांची ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ ही उद्यानातल्या झाडांची सूची केरीने १८१४ मध्ये श्रीरामपुरात छापली. साडेतीन हजारांच्या आसपास जाती. त्यांची ‘फ्लोरा इंडिका’ही त्यानेच छापून पुरी केली. आम्हा झाडवाल्यांचं त्यावाचून आजही पान हलत नाही.

‘केरिया’ या नावाबद्दल एक राहिलं. लॅटिनमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणूनच पुढे ‘आर्बोरिया’ येतं. प्रजातींची बहुतेक नावं तशीच असतात, त्यात रॉक्सबर्ग यांचा काही हेतू नाही.

१८०५ च्या मराठी व्याकरणाला रोजच्या व्यवहारातले संवाद जोडलेले आहेत, साहेबाने नोकराशी, बाजारात, घरात कसं बोलावं असे. नागपूरच्या पंडितांनी कलकत्त्यात बसून सांगितलेली ती बोलाचालीची मराठी आज किन्हीराजात किती ऐकू येते, हे मी सध्या आईला वाचून दाखवून तपासतोय. त्यातले शब्द पुढच्या लेखात.